मामाच्या टँकवर कपोला नव्हता

काका, तो कपोला मी लावला होता. तुम्ही नाही.

हे एवढं वाक्य तीन वर्षं माझ्या तोंडात होतं. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, मी मान हलवतो आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, यांना आधी हे सांगायला हवं. म्हणून तुमच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती यांच्याऐवजी हेच पहिलं लिहिलं.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना कपोला म्हणजे काय हे ठाऊक नसेल. तुमच्या शिस्तीप्रमाणे वरून सुरुवात करतो. टँकच्या पाठीवर जो गोल फिरणारा भाग असतो, ज्यातून तोफ किंवा मशीनगन बाहेर डोकावते, तो टरेट. काही टँकांच्या टरेटवर आणखी एक बुटकं, फटी असलेलं डोकं असतं. कमांडर त्यात डोकं घालून चहूकडे बघतो. ते डोकं म्हणजे कपोला. तुम्ही घरी करायचात त्या प्लॅस्टिकच्या मॉडेलच्या मापात तो शर्टाच्या बटणाएवढा होता. तेवढ्या वस्तूने मी तुमची तीन वर्षं खाल्ली.

पण माझी आणि तुमची ओळख त्या बटणापासून सुरू होत नाही. मी हैदराबादेत पॉलिटेक्निकला होतो आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये दुसऱ्यांदा नापास झालो होतो. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. एका रविवारी ते फक्त एवढंच म्हणाले, "नारायणगुड्याला जा. माझ्या भावाला तरी तोंड दाखव." मी अंबरपेठहून सायकलवर आलो. तुम्ही पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, त्यामुळे आता तासभर बोलणी बसणार या तयारीने आलो होतो. तुम्ही पुस्तक उघडलं नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा समोर ठेवलात आणि त्यातून तळहातावर मावेल असा एक टँक काढलात.

"हे काय आहे?"

"रणगाडा."

"कुठून बघून म्हणालास? समोरून, बाजूने की वरून?"

मी खिशातली पेन्सिल काढली.

"ते ठरल्याशिवाय कुठल्याही वस्तूला नाव देऊ नये. काढ तिन्ही बाजू. पेन्सिल टोकदार कर आधी, ही काय झाडू आहे का."

त्या दुपारी मी पहिल्यांदा एक वस्तू तीनदा बघितली. चित्र वाईटच आलं. पण कागदावरच्या ज्या रेघा दोन वर्षं मला चीड आणत होत्या, त्या कशाच्या तरी कडा आहेत हे मला तेव्हा कळलं. पुढच्या परीक्षेत मी पास झालो. आज लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मी इतरांची ड्रॉइंग तपासतो, त्यावर माझं घर चालतं. हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पास झाल्यावर पेढे आणले होते, तेवढंच.

रविवारी सकाळी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून आबिड्सला न्यायचात. दुकानं बंद, फुटपाथभर जुनी पुस्तकं. त्यांच्या शेवटी युसूफभाई बसायचे, जुनी मासिकं, मोडकी खेळणी आणि कधीमधी परदेशातून कुणाच्या तरी सामानातून आलेली, अर्धवट सोडून दिलेली मॉडेल-किट घेऊन. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले बारीक भाग, त्यातले निम्मे हरवलेले.

"साब, आधा डब्बा है. बोलकेच दे रौं, बाद में मेरे कू नक्को बोलो."

"आधा म्हणजे क्या नई है इसमें?"

"वो मेरे कू क्या मालूम. टँक का पेट काट के देखा क्या मैं?" मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुम्हारे काका कू आधा मालच होना. पूरा रहे तो हाथ भी नई लगाते."

खरं होतं ते. पुऱ्या किटमध्ये तुम्हाला गंमत वाटत नसे. आपण दोघांनी मिळून केलेला पहिला टँक पहिल्या महायुद्धातला फ्रेंच, दोन माणसांचा, ज्याला मागे खंदक ओलांडायला शेपटी असते. आपल्या डब्यात शेपटी नव्हती. तुम्ही ऑफिसातला एक तडा गेलेला सेट स्क्वेअर आणलात, त्याची पट्टी कापलीत, मेणबत्तीच्या आचेवर धरून वाकवलीत. मला चौकटीचा उरलेला दांडा गरम करून ताणायला शिकवलंत, त्याची केसासारखी तार होते आणि तिची एरियल करता येते. "ओढू नको. त्याला जाऊ दे, तू फक्त सोबत जा," म्हणायचात. माझ्या सात तारा तुटल्या. आठवी चांगली आली तेव्हा तुम्ही ती लगेच कापून चिकटवून टाकलीत, म्हणजे मी नववी करून बघू नये.

गोंदाच्या वासाने घर भरायचं. काकू स्वयंपाकघरातून विचारायची, "काय शिजवायलात हो तिकडं काका-पुतण्या? डोकं उठलं माझं."

"फ्रेंच टँक," तुम्ही म्हणायचात.

"हौ, मग त्याच्यातच जेवा. खिचडी मी उचलून ठेवते."

काकू नांदेडकडची. हैदराबादेत इतकी वर्षं राहून तिची मराठी जिथली तिथेच राहिली आणि तिच्यात फक्त एक 'हौ' आणि एक 'नक्को' येऊन बसले. तिची खिचडी थंड झाली की आपण दोघं गुपचूप उठायचो.

मोठे टँक तुम्हाला आवडत नसत. "ते टँक नाहीत, सरकारी इमारती आहेत," हे तुमचं मत. तुमचं प्रेम सुरुवातीच्या हलक्या टँकांवर. दोन-तीन माणसं, एखादी मशीनगन, जोडलेले पत्रे आणि त्या पत्र्यांवरचे मोजता येतील असे रिव्हेट. "हे करणाऱ्यांना टँक म्हणजे काय ते अजून कळलेलं नव्हतं," तुम्ही सांगायचात. "करून बघत होते बिचारे. म्हणून प्रत्येकाचं नाक वेगळं."

आणि एक कायदा होता तुमचा. जो भाग नाही तो करायचा. जो भाग नको तो फेकायचा नाही, कागदाच्या पुडीत बांधून वर लिहून ठेवायचा. डब्याच्या तळाशी अशा पुड्यांचा थर असायचा, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात: 'चाक, जादा', 'हूक, डावा, नको'.

तुमच्या टेबलावर भिंतीला तुमच्या मामांचा फोटो होता. ते घोडदळातले, आणि घोडे जाऊन टँक आले तेव्हा टँकवर गेलेले. फोटोत ते आपल्या टँकच्या टरेटवर मांडी घालून बसले आहेत, देवळाच्या ओट्यावर बसावं तसे, हसत. तो टँक इंग्रजांचा, तीन माणसांचा, लाइट टँक मार्क सिक्स. त्याचं किट आबिड्सला कधी आलं नाही. तीस वर्षं आपण त्याच्यावर फक्त भांडलो. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंगावर भांडण. तुम्ही म्हणायचात वाळूचा, मी म्हणायचो हिरवा. तुम्ही छटा दाखवायचात, मामांच्या शर्टाशी ताडून बघ म्हणायचात. मी म्हणायचो शर्टाचा रंग तरी कुणाला ठाऊक. हे भांडण अजून माझ्याकडे आहे, काका. परवा ऑफिसात बसल्या बसल्या मला एक नवा मुद्दा सुचला आणि फोनकडे हात गेला.

मग अद्वैत आला. पुण्याचा मुलगा, आयटीतला, पलीकडच्या नव्या हैदराबादेत राहणारा. त्याने शहरातल्या मॉडेल करणाऱ्यांना गोळा केलं. महिन्यातून एक रविवार, जामबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. तुम्ही तिथे जायला लागलात आणि पहिल्याच दिवशी त्याच्याशी वाद घातलात, कारण त्याच्या टँकवर चिखल होता, गंज होता, ओघळ होते.

"काका, हे वेदरिंग आहे. रिअलिस्टिक वाटतं."

"माझ्या मामाने असा टँक परेडला नेला असता तर त्याला कोठडीत टाकलं असतं."

"पण वॉरमध्ये कोण पुसतं, काका?"

"मामा पुसायचा."

अद्वैत हसला, तुमच्या पाया पडला आणि त्या दिवसापासून तुमचा झाला. मला ते आवडलं नाही, हेही आज लिहून टाकतो. मी तुमचा सगळ्यात जुना विद्यार्थी. पण माझं येणं नोकरी, ईएमआय, पोरांच्या परीक्षा यांत दोन आठवड्यांवर, मग महिन्यावर गेलं होतं. अद्वैतला मात्र कुठल्या रेजिमेंटकडे कुठला टँक होता हे पाठ होतं. तुम्ही दोघं बोलत असताना मी चहाचे कप गोळा करायचो.

तुमच्या पंचाहत्तरीला मार्क सिक्सचं किट त्यानेच आणून दिलं. पुरं किट, एकही भाग न हरवलेलं. अकरा महिने तुम्ही ते करत होतात. मी अधूनमधून यायचो, बघायचो, रंगावर बोलायचो. शेवटी तो वाळूचाच झाला. शाळेच्या हॉलमध्ये वर्षाचं प्रदर्शन होतं आणि त्याच्या आठवडाभर आधी तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शनिवारी तुम्ही मला बोलावलंत. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायला मनाई.

"डबा तू घेऊन जा. उद्या मला तिथेच भेट. हलवू नको फार."

अंबरपेठला येऊन मी टेबलावर डबा उघडला. मॉडेल सुंदर होतं. पण टरेटवर कपोला नव्हता, नुसतं एक सपाट झाकण. किटच्या खोक्यावरचं चित्र मी पाहिलेलं होतं, त्यात कपोला होता. डब्याच्या तळाशी एक पुडी होती, तिच्यात कपोला. पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत तुमच्या डोळ्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून लिहिलेलं नव्हतं. मी मात्र दुसरा अर्थ काढला. मला वाटलं, काका विसरले. मला तुमची कणव आली. उद्या अद्वैतसमोर काकांची फजिती होऊ नये असं वाटलं. मी कपोला वाळूच्या रंगात रंगवला, सुकवला, झाकणावर अगदी मध्यात चिकटवला. चांगला चिकटवला, काका. तुम्हीच शिकवलेल्या हाताने.

हिंदुस्थानी फौजेसाठी जे मार्क सिक्स आले त्यांना कपोला नसायचा, सपाट झाकण असायचं. तुम्ही अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ त्या झाकणावर घालवला होता, प्लॅस्टिकचा पत्रा घासून घासून. तुमचे मामा टरेटवर मांडी घालून बसले आहेत. कपोला असता तर बसले कुठे असते? तीस वर्षं तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो एकदाही वरून बघितला नाही.

रविवारी सकाळी हॉलमध्ये तुम्ही खिशातून तुमचं कार्ड काढून मॉडेलसमोर ठेवलंत: 'लाइट टँक मार्क सिक्स, हिंदुस्थानी नमुना'. काळा चष्मा, एक डोळा मिटलेला. अद्वैत वाकून बघत होता. तो अगदी हळू म्हणाला, "काका, इंडियन पॅटर्न लिहिलंय... मग हा कपोला?"

"कुठला कपोला?"

तुम्ही हात पुढे केलात. बोट टरेटवर गेलं आणि तिथे थांबलं. मी तुमच्या शेजारी उभा होतो, हातात तुमच्या चहाचा कप. तुम्ही बोटाने त्याची कड चाचपलीत. मग म्हणालात, "मीच लावला असेल. लक्षात नाही." अद्वैत म्हणाला, होतं असं काका, काही हरकत नाही. तुम्ही म्हणालात, "ठेव तसाच. चूक आहे ती दिसू दे."

मी तेव्हा बोललो नाही. लोक होते म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

ऑटोत मात्र कुणी नव्हतं. काचीगुड्याच्या चौकात सिग्नलला ऑटो थांबली आणि तुम्ही विचारलंत, "श्री, तू काल डबा उघडलास ना? तेव्हा होता का रे तो कपोला?"

मी म्हणालो, "होता, काका."

का म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. तुम्हाला दुखवू नये वगैरे काही नाही. ज्या फोटोखाली मी ड्रॉइंग शिकलो तोच मला बघता आला नाही, हे मला अद्वैतला कळू द्यायचं नव्हतं. तेवढंच.

"अच्छा," तुम्ही म्हणालात आणि घरापर्यंत बाहेर बघत राहिलात.

त्यानंतर तुम्ही ब्लेड हातात धरलं नाही. घरातली किट अद्वैतच्या गटातल्या पोरांना वाटून टाकलीत. काकूने आधी स्कूटरची किल्ली लपवली, मग स्कूटर विकली. तुम्ही विरोध केला नाहीत. डॉक्टरांकडे मीच तुम्हाला घेऊन गेलो. त्यांनी तुम्हाला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, विसरभोळ्या लोकांची तशी परीक्षा घेतात. तुम्ही पट्टी मागून घेतलीत, आडवे-उभे अक्ष आखलेत, साठच्या साठ खुणा केल्यात. बाहेर आणखी पेशंट थांबले होते. डॉक्टर हसून म्हणाले, आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही म्हणालात, "चित्र हातात असतं, साहेब. विसरणं हातात नसतं." मी तिथे खुर्चीवर बसलेलो होतो, काका. फाइल मांडीवर घेऊन. सांगायला त्याहून चांगली जागा मिळाली नसती.

दर रविवारी ठरवायचो. आलो की तुम्ही विचारायचात, मी मागच्या वेळी हेच सांगितलं होतं का रे? आणि मी म्हणायचो, नाही नाही, सांगा.

गेल्या महिन्यात हृदयाचा त्रास वाढला. दवाखान्यातून घरी आल्यावर तुम्ही मला बोलावलंत. दुपारची वेळ, काकू भाजी निवडत होती. तुम्ही उशीखालून एक वही काढलीत.

"तू ड्रॉइंग तपासतोस ना. हे तपास. काय काय चुकलं माझं ते बघून सांग."

मला वाटलं जुनी कामाची वही असेल. उघडली. तुमचं तेच अक्षर. 'दूध तापवलं. गॅस बंद. कुलूप ओढून पाहिलं, दोनदा. गोळी घेतली, पांढरी. श्रीला फोन केला, सून बोलली.' रोज. तीन वर्षं रोज. मी पानं उलटत गेलो. एकही गॅस उघडा राहिलेला नव्हता, एकही गोळी चुकलेली नव्हती. मग पहिल्या पानावर आलो. तिथे एकच ओळ: 'कपोला स्वतः लावला. आठवत नाही.'

"चुकलं का कुठे?" तुम्ही विचारलंत.

"पहिल्या पानावर," मी म्हणालो. "तो मी लावला होता, काका. शनिवारी, घरी नेऊन. तुम्ही विसरलात असं वाटलं मला. आणि ऑटोत विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तुम्ही वही घेतलीत. पट्टी मागितलीत. पट्टी लावून ती ओळ सरळ रेघेने खोडलीत. हात अजिबात हलला नाही. मग म्हणालात, "सुमन, इकडे ये. हा काय म्हणतो ऐक."

काकूसमोर मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली. "मी यांची स्कूटर विकली की रे श्री," ती म्हणाली. "हे फुलं आणायला गेले तर मी खालच्या पोराला मागं धाडायचे, बघ रस्ता चुकतात का म्हणून. ह्यांना ते दिसायचं. एवढं करायला लावलंस तू मला?" ती आत गेली. त्या घरातून चहा न घेता मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलो.

त्याआधी मी तुमच्या पायांकडे वाकलो. तुम्ही पाय ओढून घेतलेत. तुम्हाला राग आला होता, खरा राग, आवाज चढलेला, आणि मला आठवत होतं त्याच्यापेक्षा तो जास्त तरुण होता.

"पाय नको धरू. इथे खोलीत माफी मागून काय? तिघंच आहोत. जिथे गप्प उभा राहिलास तिथे बोल. या रविवारी मला घेऊन चल, खुर्चीवर बसव आणि सगळ्यांसमोर बोल. अद्वैतसमोर."

"बोलतो, काका."

"मग बघू," तुम्ही म्हणालात.

माफ केलं असं तुम्ही म्हणाला नाहीत. जाताना दारात मात्र हाक मारलीत. मी वळलो. "त्या दिवशीपासून मी रोज स्वतःवर पहारा देतोय, श्री. आज रात्री वही लिहिणार नाही." आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. गुरुवारी सकाळी काकूचा फोन आला.

आमचा तो रविवार राहिला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी अद्वैतने त्याच हॉलमध्ये तुमची शोकसभा ठेवली. तीसेक माणसं असतील. काकू पहिल्या रांगेत. तिने मला काही विचारलं नव्हतं, सांग असंही म्हणाली नव्हती. मी गप्प बसलो असतो तर त्या हॉलमध्ये हे कुणाला कधीच कळलं नसतं, आणि हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. शाळेच्या जिन्यावर आला होता, चांगला दोन मजले.

अद्वैत सगळ्यात शेवटी बोलला. प्रेमाने बोलला. तुमचा चिखलावरचा वाद सांगितला, लोक हसले. मग म्हणाला, "शेवटी काकांची मेमरी साथ देत नव्हती. मार्क सिक्सवर चुकून कपोला लावला त्यांनी, आणि कळल्यावरही लपवला नाही. चूक दिसू दे म्हणाले. मला ते फार मोठं वाटतं." काही जणांनी डोळे पुसले. काकू आपल्या हातांकडे बघत होती.

मी उठलो. तिथे तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते, म्हणून हिंदीत बोललो. कपोला कुणी लावला ते सांगितलं. ऑटोत तुम्ही काय विचारलंत आणि मी काय म्हणालो ते सांगितलं. फोटोतले मामा कुठे बसले आहेत ते सांगितलं. हे बोलून घे असं काकांनी मला सांगितलं होतं, मी स्वतःहून उभा राहिलेलो नाही, हेही सांगितलं. अद्वैत खाली बसला. शेवटचं वाक्य मला मराठीतच म्हणायचं होतं, कारण ते तिथल्या कुणासाठी नव्हतं. कुणाकडे बघून म्हणावं कळेना, म्हणून काकूकडे बघितलं आणि म्हणालो,

"काका, तुम्ही काहीही विसरला नव्हतात. खोटं मी बोललो, आणि ते खोटं तीन वर्षं तुम्हाला जगायला लावलं. मला माफ करा."